हँडल आपल्या हाताला बसवा: घाटात बाईक चालवणाऱ्या नवख्यांसाठी

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळला निघालो की राणीपूरला चहा ठरलेला, कारण तिथून पुढे घाट चालू होतो. मागच्या पावसाळ्यात सोबत एक नवीन पोरगा होता, पहिलीच लांबची राइड, गाडीवरून उतरला आणि हात असे झटकायला लागला जसे काही वारुळात घातले होते. आमच्यातल्या एकाने विचारलं, "काबरं भो, हात झटकी राहिना?" तर म्हणे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दोन्ही बधीर, चहाचा ग्लास धरवेना. आणि घाट तर अजून लागलाच नव्हता! त्याने मनात पक्कं करून टाकलं होतं की घरी जाऊन आधी रायझर (हँडल उंच करायला त्याच्या खाली बसवायचा ठोकळा) मागवायचा. मी म्हटलं थांब जरा. सीटखालचे पाने काढले, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवले, चहा गार व्हायच्या आत काम झालं. वर यशवंत तलावापाशी पोचलो तेव्हा तो फोटो काढत फिरत होता, रायझरचं नावही नाही.

म्हणून हे लिहितोय. हँडलचा त्रास म्हटला की लोक आधी पाकिटात हात घालतात. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा जे गाडीवर आधीच आहे तेच नीट फिरवलं की काम होतं, खर्च शून्य. फक्त क्रम चुकवायचा नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि मग सगळंच पुन्हा उघडत बसतो.

आधी बघा तुमचं हँडल फिरतं का

साध्या कम्युटर गाड्या, बुलेट, हिमालयन, एक्सपल्स यांना एकच अखंड पाइप हँडल असतं, वरच्या टीवर (शॉकअपच्या दोन्ही नळ्या धरणारी पट्टी) दोन क्लॅम्पमध्ये धरलेलं. ते पुढे-मागे फिरवता येतं. पाइपची जाडी मुठीपाशी २२ मिमी असते, मधे काही गाड्यांना जास्त, २८ च्या आसपास. स्पोर्ट्स गाड्यांना क्लिप-ऑन असतं, म्हणजे डावं-उजवं वेगळं, थेट शॉकअपच्या नळीला धरलेलं, त्याला कोन बदलायला जागाच नाही, तुमच्यासाठी लिव्हर आणि मुठी एवढंच. स्कूटरवाल्यांनी सरळ लिव्हर आणि बसण्यावर जावं, बाकी सोडा.

हँडलला हात लावायच्या आधी

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. टायरमधली हवा थंड असताना बघा, चेनच्या कव्हरवर नाहीतर मॅन्युअलमध्ये आकडा लिहिलेला असतो. पुढच्या टायरात हवा कमी असली की हँडल जड लागतं, वळणात गाडी खाली पडायला बघते आणि माणूस दोष हँडलला देतो.

मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि गाडी मागे-पुढे हलवा, दुसरा हात टीच्या खाली ठेवा, तिथे खट्ट लागलं तर कोनसेट ढिला आहे. आता डबल स्टँड लावून कुणाला तरी मागे बसवा म्हणजे पुढचं चाक उचलेल, आणि हँडल एका बोटाने हळू फिरवा. मधोमध आलं की खाचेत बसल्यासारखं अडकतं का? अडकत असेल तर आतल्या रेसला (गोळ्या फिरतात त्या कड्यांना) खड्डे पडलेत, ते बदलावेच लागतात. आमच्याकडच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर आणि वर त्यात मागे कॅरियरला केळीचे घड बांधून फिरणाऱ्या गाड्यांवर हे फार लवकर होतं. खाच पडलेल्या कोनसेटवर हँडल कितीही सेट करा, गाडी सरळ चालणारच नाही, डुलत राहणार.

तिसरं, गाडी आधी कधी पडली असेल तर हँडल वाकडं झालेलं असू शकतं. गाडी सरळ उभी करा, पुढचं चाक सरळ ठेवा आणि मागून दहा पावलांवरून बघा. चाक सरळ आणि हँडल एकीकडे गेलेलं दिसलं तर बऱ्याचदा पाइप चांगला असतो, शॉकअप टीमध्ये पिळलेले असतात. टीचे बोल्ट ढिले करून, चाक दोन गुडघ्यांत धरून, हँडलला झटका देऊन मिस्तरी ते सरळ करतो, पाच मिनिटांचं काम आहे, त्याच्याकडूनच करून घ्या. पण पाइपच वाकलेला असेल तर बदला, तापवून ठोकून सरळ केलेल्या पाइपवर घाटात भरवसा ठेवू नये.

आता बसा

डबल स्टँडवर गाडी, अंगावर तेच कपडे जे राइडला घालता, तोच बूट, तोच हातमोजा. हे मुद्दाम सांगतो कारण लोक चपलेवर आणि मोकळ्या हाताने सगळं सेट करतात आणि मग जाड मोजा घातला की लिव्हरपर्यंत बोट पोचत नाही.

पाय फूटरेस्टवर, मांड्या टाकीला चिकटलेल्या, पाठ ना ताठ ना कुबड. डोळे मिटा. खांदे सैल सोडा आणि दोन्ही हात समोर न्या, जणू समोर हँडल नाहीच. हात जिथे आपोआप थांबतात तिथे मुठी असायला हव्यात, उन्नीस-बीस चालेल. डोळे उघडून बघा. कोपर थोडं वाकलेलं हवं. हात ताणून सरळ झाला असेल तर हँडल लांब आहे, प्रत्येक खड्डा थेट खांद्यात जाणार. कोपर बरगडीला चिकटलं असेल तर जवळ आहे, यू-टर्न घेताना हँडल पोटात नाहीतर मांडीत घुसेल.

मग मनगट. मनगट आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत हवेत. हाच सगळ्यात मोठा मुद्दा. मनगट मागे मोडलं की तळहाताच्या टाचेवर, करंगळीच्या बाजूने वजन येतं, तिथून एक नस जाते ती दबते आणि करंगळी-अनामिका बधिर होतात, राणीपूरच्या पोराचं तेच झालेलं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर ती दुसरी नस, मनगटाच्या मधोमध जाणारी. मान आणि खांद्यांच्या मधे दुखतं तर हँडल खाली किंवा लांब. कोपराखालचा हात भरून येतो तर तुम्ही मूठ आवळताय. कंबर दुखते तर बहुतेक वेळा हँडलचा दोष नाही, सीट आणि बसण्याकडे बघा. आणि गाडीवरून उतरून दिवस गेला तरी बधिरपणा जात नसेल तर पाने ठेवून डॉक्टरकडे जा.

हँडल फिरवणं

टाकीवर जुनी चादर टाका, पाना सुटला तर ओरखडा कायमचा. हँडलच्या पाइपवर क्लॅम्पच्या कडेला मार्करने रेघ मारा, म्हणजे नाहीच जमलं तर परत मूळ जागेवर येता येईल. बऱ्याच गाड्यांना कंपनीचा एक छोटा पंच मार्क पाइपवर असतोच, तोही शोधून ठेवा.

क्लॅम्पचे चार बोल्ट असतात, बहुतेक ठिकाणी एल-कीने नाहीतर रिंग पान्याने उघडतात. पूर्ण काढायचे नाहीत, चारही थोडे थोडे ढिले करा, हँडल जोर लावल्यावर फिरेल इतपतच. सुरुवातीची जागा अशी धरा: बाजूने बघितलं तर हँडलचा वर चढणारा भाग साधारण शॉकअपच्या तिरपेपणाला समांतर. तिथून आपल्या अंगाप्रमाणे. फोनमध्ये कोन मोजायचं लेव्हलचं अॅप असतं, फोन पाइपवर टेकवून आकडा लिहून ठेवा आणि एका वेळी दोन-तीन अंशच फिरवा. दोन अंशाने काय होतंय असं वाटेल, पण मुठीपाशी ते जाणवतं.

मागे, म्हणजे आपल्याकडे फिरवलं की मुठी जवळ येतात आणि खाली झुकतात, मुठीची टोकंही जमिनीकडे वळतात. उंची कमी असलेल्या लोकांना हे बरं वाटतं पण जास्त केलं की मनगट बाहेरच्या बाजूला मोडतं. पुढे फिरवलं की मुठी लांब जातात आणि वर उचलल्यासारख्या होतात, उभं राहून कच्च्या रस्त्याने चालवणाऱ्यांना ते सोयीचं, पण बसून लांब जाणाऱ्याच्या खांद्याला त्रास. सातपुड्यातल्या पाड्यांकडे जाणारे कच्चे रस्ते करत असाल तर फूटरेस्टवर उभं राहूनही तपासा, उभं राहिल्यावर कंबरेतून फार वाकावं लागायला नको.

आवळताना घाई नको. काही क्लॅम्पवर पुढच्या बाजूला बाण किंवा टिंब असतं, त्या प्रकारात पुढचे बोल्ट आधी पूर्ण आवळायचे आणि फट मागे ठेवायची. काहींना पुढे-मागे सारखी फट ठेवायची असते. तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा, जोर किती लावायचा तोही आकडा तिथेच असतो, ८ मिमीच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर मिस्तरीकडे नेऊन शेवटचा पेच तिथे मारा. अंदाजाने आवळून मी एकदा धडा घेतलाय. बोल्ट ढिलेच राहिले होते, मला वाटलं घट्ट झाले, आणि बाजाराच्या दिवशी समोर म्हैस आली म्हणून पुढचा ब्रेक कचकन मारला तर सगळं अंग हँडलवर आणि हँडल सरळ खाली फिरलं! पडलो नाही ते नशीब. तेव्हापासून आवळल्यावर गाडी उभी असतानाच दोन्ही मुठींवर पूर्ण वजन टाकून खाली दाबून बघतो, केसभरही हलायला नको.

लिव्हर, खरी जादू इथे आहे

शोरूममधून येते तेव्हा बऱ्याच गाड्यांचे लिव्हर जवळजवळ आडवे असतात. आपण बसल्यावर हात वरून खाली येतो, म्हणजे लिव्हर आडवा असला की प्रत्येक वेळी क्लच धरायला बोटं वर उचलावी लागतात आणि मनगट मागे मोडतं. घाटात तर दर वळणाला क्लच, दर वळणाला ब्रेक, मोजा किती वेळा मोडलं ते.

बसून मूठ धरा, बोटं सरळ करून लिव्हरवर ठेवा. कोपर, मनगट आणि बोटांची टोकं एका उतरत्या रेषेत आली पाहिजेत. येत नसतील तर लिव्हरच्या पकडीचे बोल्ट ढिले करून खाली फिरवा. बहुतेक गाड्यांत आरसा त्याच पकडीत बसतो, तो नंतर परत लावायचा. फार खाली नेऊ नका, उभं राहून चालवताना मग उलटा त्रास होतो.

इथे दोन गोष्टी सांभाळा. स्विचचा जो डबा असतो, हॉर्न-इंडिकेटरचा, त्याच्या आत एक छोटी खुंटी असते ती पाइपच्या भोकात बसते. तो डबा जोर लावून फिरवू नका, खुंटी तुटते. दुसरं, पुढे डिस्क ब्रेक असेल तर लिव्हरसोबत मास्टर सिलेंडरही (ब्रेक ऑइलची डबी असते तो भाग) फिरतो. त्यातलं ऑइल साधारण सपाट राहिलं पाहिजे, डबी फार तिरपी झाली तर आत हवा जाऊ शकते आणि ब्रेक स्पंजसारखा लागतो. मास्टर सिलेंडरच्या पकडीला वरच्या बाजूचा खुणेचा बाण असेल तर तो वरच ठेवायचा. मातीत चालवणारे लोक पडल्यावर लिव्हर तुटू नये म्हणून क्लचची पकड मुद्दाम थोडी सैल ठेवतात, रस्त्यावरच्या नवख्याने ते करू नये.

लिव्हर मुठीपासून आत किती हाही प्रश्न असतो. दोन बोटांनी क्लच धरत असाल तर बोटं लिव्हरच्या टोकाकडे पडली पाहिजेत, टोकाला जोर कमी लागतो. त्यासाठी पकड थोडी आत सरकवा. हात लहान असेल, बायकांना आणि कॉलेजच्या पोरींना हा त्रास जास्त होतो, तर काही गाड्यांच्या लिव्हरवर गोल चकती असते, १ ते ४ आकडे असलेली, तिने लिव्हर मुठीजवळ आणता येतो. ती चकती आहे हेच कितीतरी जणांना माहीत नसतं, गाडी तीन वर्षं जुनी झालेली असते.

शेवटी वायरचा प्ले. क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिमी मोकळा खेळ हवा, अॅक्सिलेटरच्या मुठीला २ ते ६ मिमी. अॅक्सिलेटरला खेळच नसेल तर खड्ड्यात हात हलला की गाडी झटका मारते.

फुल लॉकची तपासणी, ही चुकवली तर बाकी सगळं व्यर्थ

हँडलची जागा बदलली म्हणजे वायरी आणि ब्रेकची नळी यांचा ताण बदलला. न्यूट्रलमध्ये, डबल स्टँडवर, इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे न्या, मग पूर्ण उजवीकडे. इंजिनचा आवाज वाढला तर अॅक्सिलेटर वायर ओढली जातेय. क्लच वायर ताणली तर क्लच अर्धवट दबतो. ब्रेकची नळी कुठे ताठ होते का, वायरिंगचा जुडगा कुठे चेपतो का, मूठ किंवा लिव्हर टाकीला लागते का, हँडल लॉक होतंय का, सगळं बघा.

मला हे कसं कळलं सांगतो. एका गॅरेजमध्ये मित्राच्या गाडीला उंच रायझर लावून दिले, वायरी जुन्याच. गल्लीत गाडी वळवायला हँडल पूर्ण डावीकडे केलं तर अॅक्सिलेटर आपोआप ओढला गेला आणि गाडी समोरच्या ओट्यावर. गुडघ्याला सात टाके. घाटाच्या वळणात झालं असतं तर विचार करवत नाही.

मुठी

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, उन्हात उभ्या गाडीच्या रबरी मुठी चिकट होतात आणि जुन्या झाल्या की हातात फिरतात. फिरणारी मूठ लगेच बदला. जुनी काढायला बारीक पेचकस आत सरकवून साबणाचं पाणी सोडा, निघते. नवीन बसवताना मुठीचा गोंद लावा. अॅक्सिलेटरच्या बाजूला मुठीच्या आणि बार एंडच्या (हँडलच्या टोकाला बसवलेल्या) वजनाच्या मधे १-२ मिमी फट सोडा, घासली तर अॅक्सिलेटर परत येत नाही. बार एंडची ती वजनं शोभेला नसतात, हँडलची थरथर कमी करायला असतात, एकच सिलेंडरच्या गाडीवर ती काढून टाकली की हाताला मुंग्या येणारच. आणि जाड मऊ मुठी सगळ्यांना चांगल्या असं नाही, लहान हाताला जाड मूठ आवळून धरावी लागते आणि हात लवकर भरतो.

पकड किती? ओला पापड उचलून खाटेवर टाकताना जेवढी, तेवढीच. उतारावर ब्रेक लावला की अंग पुढे येतं आणि सगळं वजन मनगटावर पडतं, तिथे मांड्यांनी टाकी दाबून अंग धरायचं, हाताने नाही.

रायझर, रुंद हँडल वगैरे

एवढं सगळं करून दोन-चार राइड झाल्यावरही हात पोचत नसतील, तुम्ही फार उंच असाल, तर मग रायझर. २०-३० मिमीपर्यंत बऱ्याच गाड्यांच्या वायरी पुरतात, तरी फुल लॉकची तपासणी करायचीच. उंच केल्यावर पुढच्या चाकावरचं वजन थोडं कमी होतं, चाक काय करतंय ते हाताला कमी कळतं, हे घाटात जाणवतं.

रुंद हँडलने वळवायला जोर कमी लागतो. वेगात गाडी वळते ती मूठ ढकलून, डावीकडे जायचं तर डावी मूठ हलकेच पुढे दाबायची. मोकळ्या सरळ रस्त्यावर ४० च्या वेगाने हळूच करून बघा, खरं वाटत नाही पण तसंच होतं. हँडल रुंद असेल तर ही ढकल सोपी होते, पण जरा हात हलला तरी गाडी हलते, आणि शहाद्याच्या बाजारातून जाताना रिक्षांच्या मधे अडकता ते वेगळं. गाडीची मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने बंधनं घातलीत, म्हणून वेल्डिंग करून हँडल उंच करणं, भलतंच लांब हँडल लावणं यात पडू नका.

आणि कृपा करून हँडलला पिशव्या लटकवू नका. एका बाजूला भरताची पाच किलो वांगी आणि दुसऱ्या बाजूला दुधाची कॅन, वर तक्रार काय तर गाडी एका बाजूला ओढते!

तपासायचं कुठे

नेहमीचा एकच रस्ता ठरवा ज्यात थोडा सरळ, थोडे खड्डे आणि वळणं आहेत. चाळीसगावकडचे लोक कन्नड घाट धरतात, पण पहिली चाचणी घाटात नको, गावाजवळच्या मोकळ्या रस्त्यावर करा. अर्धा तास चालवा, थांबा, कुठे दुखतंय ते फोनमध्ये लिहा, एक गोष्ट बदला, परत तोच रस्ता. पाने सोबत ठेवा. पहिल्या दिवशी थोडं विचित्र वाटणारच, अंगाला जुनी सवय असते, म्हणून दोन-तीन राइडआधी निकाल देऊ नका.

शंभर-दोनशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत एकदा बघा. मी क्लॅम्प आणि पाइप दोन्हीवरून जाईल अशी पांढऱ्या नेलपेंटची बारीक रेघ मारतो, बायकोची बाटली, ती ओरडते. रोज सकाळी किक मारायच्या आधी नजर तिथे जाते. रेघ सलग दिसली की निघायचं, तुटलेली दिसली की आधी पाना.